सहा महिन्यांत काय पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले

आमच्या काजू कारखान्यात १ जुलैला रुजू झालेल्या पर्यवेक्षकाचा परिवीक्षा काळ, म्हणजे प्रोबेशन, ३१ डिसेंबरला संपणार होता आणि त्याच्या आठ दिवस आधी त्याला कायम केल्याचे पत्र मी माझ्या सहीने दिले. पत्र अर्ध्या पानाचे आहे. ते लिहिण्यापूर्वी मात्र सहा महिने भरत आलेली एक दोनशेपानी वही, दोन रजिस्टरे आणि घरातल्याच एका भागीदाराशी झालेला लांबलचक वाद एवढे सगळे घडून गेले होते. वेंगुर्ले तालुक्यातला आमचा कारखाना लहान आहे. हंगामात सत्तरेक माणसे असतात, त्यांत बहुतेक बायका, आणि मनुष्यबळ विभाग म्हणावा असे काहीही नाही. नेमणूक, रजा, पगारपत्रक, तक्रारी आणि आढावा ही सर्व कामे कार्यालयातल्या माझ्याच टेबलावर येऊन पडतात. नव्या कर्मचाऱ्याच्या प्रगतीचा आढावा कसा घ्यावा, याविषयी जे वाचायला मिळते ते बहुधा मोठ्या शहरांतल्या कचेऱ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते, म्हणून माझा अनुभव येथे तपशिलाने नोंदवीत आहे.

आधी माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. चार वर्षांपूर्वी आम्ही गोदाम सांभाळण्यासाठी एक तरुण घेतला होता. त्याच्या साठ्याच्या नोंदी दोन-दोन दिवस मागे राहत, गोणपाटांचा हिशेब जुळत नसे आणि या गोष्टी मला पहिल्या महिन्यापासून दिसत होत्या. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत असे की नवा आहे, शिकेल, आणि त्याच्या नोंदी स्वतःच दुरुस्त करून टाकत असे. सहा महिने संपायला चार दिवस उरले असताना मी त्याला बोलावले आणि काम समाधानकारक नसल्याचे पत्र हाती दिले. त्याने पत्र दोनदा वाचले आणि शांतपणे विचारले, “ताई, हे मला आज कळतंय. याआधी कधी सांगितलं होतंत का?” मी सांगितले नव्हते. त्याच्या नोंदी दुरुस्त करून मी त्याच्यावर उपकार करते आहे अशी माझी समजूत होती. वास्तविक त्याला सुधारण्याची संधीच मी माझ्या भिडस्तपणाने काढून घेतली होती. तो आता गोव्यात एका हॉटेलच्या भांडारात काम करतो आणि चांगले करतो, असे कानावर येते.

आपल्याकडे ‘कायम’ या शब्दाला कचेरीबाहेरही वजन आहे. गावात कोणी मुलगा नोकरीला लागल्याचे कळले की पगाराच्या आधी लोक विचारतात, “कायम झालो काय?” स्थळ पाहायला आलेली मंडळीही चहाचा कप खाली ठेवता ठेवता हाच प्रश्न टाकतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या त्या कागदावर एका माणसाच्या नोकरीबरोबरच त्याच्या घरातले बरेच बेत अडकलेले असतात, आणि तो कागद शेवटच्या आठवड्यात आठवणीवर विसंबून लिहिणे मला आता पटत नाही. म्हणून या वेळी मुलगा रुजू झाला त्याच दिवशी मी नवी वही घातली.

वहीचा नियम एकच ठेवला होता. जे डोळ्यांनी पाहिले किंवा कागदावर दिसले तेच तारखेसह लिहायचे, आणि ते त्याला सांगितले की नाही हे त्याच ओळीत नोंदवायचे. ‘आळशी वाटतो’, ‘हुशार आहे’ असे शेरे लिहायचे नाहीत. ‘९ जुलै, दुपारची पाळी सुरू होताना मागच्या लॉटची चिठ्ठी ट्रेवर तशीच होती, सांगितले’ अशी नोंद चालेल. हा नियम पाळणे वाटते तितके सोपे नाही, कारण शेरा लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि घडलेली गोष्ट लिहायला पाच. सहा महिन्यांच्या शेवटी एकूण ३४ नोंदी झाल्या. त्यांतल्या सातांपुढे ‘सांगितले नाही’ असे लिहिलेले आहे, आणि त्या सातही नोंदी मी अंतिम आढाव्यातून वगळल्या.

त्याचे काम काय होते हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. काजूची बी वाफवून, थंड करून, टरफल फोडून आतला गर काढला जातो. तो गर सालीसकट बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या सुकवणी यंत्रात, साधारण ७० अंश सेल्सिअसला सहा ते आठ तास सुकवतात. मग साल काढायची, प्रतवारी करायची आणि डब्यात भरायचे. बोरम्यातून माल बाहेर आल्यापासून डब्याला झाकण बसेपर्यंतची जबाबदारी या मुलाची होती. प्रतवारीत डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०; त्याखाली तुटलेल्या गराच्या प्रती, म्हणजे पाकळी, तुकडा आणि कणी. भरतेवेळी गरातला ओलावा पाच टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर डब्यात बुरशी आणि खवट वास ठरलेला. दुसऱ्या बाजूने गर फार सुकला तर साल काढताना हातातच तुटतो. अख्ख्या गराचा आणि तुकड्याचा भाव यांत इतके अंतर असते की आमचा सगळा नफा त्या तुटण्या-न-तुटण्यावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

पहिली मोठी नोंद ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. ओलाव्याच्या रजिस्टरात दर दोन तासांनी मीटरचा आकडा लिहायचा असतो. मी पाने चाळत होते आणि लागोपाठ नऊ दिवस सकाळी आठचा आकडा ४.५ दिसला. बाहेर पाऊस कोसळत असताना, बोरम्यातला माल बदलत असताना आणि दोन वेगळ्या देशांतली बी चालू असताना नऊ सकाळी एकच आकडा येणे शक्य नव्हते. मी त्याला त्याच तासाला बोलावले. जुन्या चुकीची आठवण ताजी असल्याने या वेळी उद्यावर ढकलले नाही. रजिस्टर त्याच्यापुढे उघडून ठेवले आणि विचारले, “हे आकडे मीटर लावून घेतलेस का?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “नाही ताई. सकाळचा आकडा मी अंदाजाने लिहितो. मीटर तुमच्या कपाटात असतं, आणि तुम्ही साडेनऊला येता.”

हे खरे होते. मीटर महाग म्हणून मीच तो कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवत होते आणि पाळी आठला सुरू होते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. म्हणजे त्या नऊ दिवसांतला निम्मा दोष माझ्या चावीचा होता. उरलेला निम्मा त्याचा होता, कारण मोजमाप झाले नसेल तर रकाना कोरा ठेवावा आणि कोरा का आहे ते बाजूला लिहावे, हे त्याला करता आले असते. मी दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या, त्याला वाचून दाखवल्या आणि चावी त्याच दिवशी त्याच्या हवाली केली. आता सांगायचे ते असे की, पुढच्या चार महिन्यांत त्याच्याविषयी माझे मत बनवण्यात या रजिस्टराइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. १३ ऑगस्टनंतरची पाने विस्कळीत दिसतात. ४.१, ४.८, ५.३, मग ‘पुन्हा बोरम्यात’, मग ४.४. चुकलेला आकडा गिरवून बदलण्याऐवजी त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी खरा आकडा आणि सही आहे. दोन ठिकाणी रकाना कोरा असून ‘वीज नव्हती’ असे लिहिलेले आहे. सुबक रजिस्टर पाहून मला पूर्वी समाधान वाटत असे. हल्ली एकसारखे आकडे दिसले की आधी संशय येतो.

यातून आढाव्याविषयी एक प्रश्न मात्र उभा राहिला आणि त्यावर मी बराच विचार केला. खोटी नोंद ही गंभीर बाब आहे आणि एखाद्या मोठ्या कंपनीत त्यावरून तेथेच निरोप मिळाला असता. मी तसे केले नाही, कारण विचारताक्षणी त्याने खरे सांगितले, लपवण्यात त्याचा कोणताही फायदा नव्हता आणि अडचण आमच्याच व्यवस्थेतून आलेली होती. हेच त्याने हलक्या प्रतीचा माल वरच्या प्रतीत दाखवण्यासाठी केले असते, तर माझा निर्णय वेगळा झाला असता. चूक कोणती, यापेक्षा ती कशासाठी झाली हे पाहावे लागते, आणि ते पाहायचे तर चूक दिसली त्या दिवशीच बोलावे लागते. चार महिन्यांनी विचारले असते तर त्यालाही आठवले नसते आणि मलाही.

दुसरी बाब आकड्यांचीच, पण या वेळी चूक माझ्याकडून होता होता राहिली. सप्टेंबरअखेर तिमाही आढावा घेताना अख्ख्या गराचे प्रमाण जुलैपेक्षा उतरलेले दिसले. मनुष्यस्वभाव असा आहे की नवा माणूस आला आणि आकडा उतरला, तर दोघांची गाठ आपण बघता बघता बांधतो. पण अख्खा गर किती निघेल हे बीच्या वयावर, तिच्या मूळ ठिकाणावर, वाफ किती वेळ दिली यावर, फोडणाऱ्या हातावर, सुकवणीवर आणि शेवटी साल काढण्यावर अवलंबून असते, आणि या साखळीतली शेवटची कडी तेवढी त्याच्या ताब्यात होती. आपल्याकडची बी मार्च ते मे या काळात येते. पावसाळ्यात साठा संपत आला की आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते, आणि त्या सप्टेंबरात आम्ही बेनिनची जुनी बी फोडत होतो. मग मी त्याला सांगितले की बोरम्यातून बाहेर आल्याबरोबर प्रत्येक लॉटमधून एक किलोचा नमुना काढून त्यातले तुटलेले गर मोजायचे आणि साल काढल्यावर त्याच लॉटचा दुसरा नमुना मोजायचा. दोन्हींतला फरक तेवढा त्याच्या विभागाचा. पंधरा दिवसांत दिसले की माल त्याच्याकडे येतानाच जास्त तुटलेला येत होता आणि त्याच्या विभागातली तूट उलट थोडी कमी झाली होती. हे मोजमाप केले नसते तर तिमाही आढाव्यात ‘उत्पादकता घटली’ असे लिहून मी मोकळी झाले असते, आणि ते वाक्य त्याच्या कागदपत्रांत कायमचे राहिले असते.

गणपतीची गोष्ट थोडक्यात सांगता येणार नाही, कारण माझ्या मते तिथेच तो अर्धा कायम झाला. कोकणात चतुर्थीच्या दिवसांत कारखाना चालवणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. मुंबईचे चाकरमानी येतात, घरे भरतात, आणि नेमकी त्याच सुमारास सणासुदीच्या काजूची मागणी चढलेली असते. दरवर्षी रजेवरून कुरबुर होते, कारण सगळ्यांना एकाच वेळी हवी असते आणि आम्ही ‘निम्म्यांनी आधी, निम्म्यांनी नंतर’ असा सरसकट नियम लावतो. या मुलाने कोणी न सांगता ऑगस्टच्या सुरुवातीला प्रत्येक टेबलावर जाऊन विचारले की तुमच्या घरचा गणपती किती दिवसांचा. दीड दिवसाचा, पाच, सात, अकरा अशी यादी केली. दीड दिवसवाल्या बायका तिसऱ्या दिवशी यायला तयार होत्या, कारण त्यांच्या घरचे विसर्जन झालेले असे. त्यांना गौरीपूजनाची रजा तेवढी हवी होती. अकरा दिवसवाल्यांनी आधीच्या रविवारी येऊन काम पुढे ओढायचे कबूल केले. रजेचा तक्ता एका पानावर बसला आणि प्रतवारीची टेबले पूर्ण बंद अशी तीनच दिवस राहिली. इतकी वर्षे गणपती आमच्या घरी बसतो, पण हा साधा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता. छापील आढावा फॉर्मात ‘पुढाकार’ असा एक रकाना असतो. त्यात मी हा तक्ताच जोडून दिला.

त्या फॉर्मविषयीही बोलले पाहिजे. ओळखीच्या एकाने पुण्यातल्या एका कंपनीचा नमुना पाठवला होता. ‘संघभावना’, ‘नेतृत्व’, ‘संवादकौशल्य’, ‘दृष्टिकोन’ आणि प्रत्येकापुढे एक ते पाच गुण. मी पहिल्या महिन्यात तो प्रामाणिकपणे भरायला बसले आणि सगळीकडे तीन दिले. तीन देणे म्हणजे लग्नात जेवण कसे होते या प्रश्नाला ‘छान होते’ म्हणण्यासारखे आहे. त्यातून ना आचाऱ्याला काही कळते, ना यजमानाला. दुसऱ्या महिन्यापासून गुण बंद केले आणि चार प्रश्न ठेवले. कोणते काम आता तो कोणाला न विचारता करतो, कोणते अजून विचारून करतो, कोणते शिकवायचे आम्हीच विसरलो, आणि महिन्यात काय अडले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना दर वेळी माझीच पंचाईत होत असे.

दरमहा पहिल्या शनिवारी आम्ही अर्धा तास बसत होतो. पहिल्या बैठकीत मी विचारले, “कसं चाललंय?” आणि उत्तर आले, “बरां असा.” आपल्याकडे या दोन शब्दांत आजारपणापासून समृद्धीपर्यंत काहीही मावते, आणि त्यापुढे माणूस आपण होऊन बोलत नाही. म्हणून पुढच्या वेळी प्रश्न बदलले. कोणता लॉट परत बोरम्यात घालावा लागला, कोणत्या टेबलावर साल जास्त राहते, कोणाला काही सांगायला जड जाते, असे विचारले की उत्तरे येत. शेवटच्या प्रश्नावर तो हळूच म्हणाला की आईच्या वयाच्या बायकांना चूक दाखवायला त्याला संकोच वाटतो. हा संकोच मी स्वतः अनुभवलेला होता. मी त्याला एवढेच सांगितले की मावशींना चूक टेबलावर सगळ्यांसमोर दाखवू नकोस, तिचा ट्रे बाजूला नेऊन गर दाखव आणि तिलाच विचार की हा कुठल्या प्रतीत टाकशील. नोव्हेंबरात प्रतवारीच्या सर्वांत जुन्या मावशींना मी त्याच्याविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “वरडत नाय तो. पण चुकला तर सोडीत पण नाय.” सहकाऱ्यांची मते लेखी घ्यावीत असे सांगतात, आमच्याकडे ती अशी घ्यावी लागतात, आणि कागदावर उतरवताना त्यांतली चहाडी वेगळी काढावी लागते.

ऑक्टोबरातली एक नोंद दोन ओळींत मोडून लिहावी लागली. दीड दिवस वीज नव्हती, हवा दमट होती आणि साल काढून ठेवलेल्या गराने ओलावा ओढून घेतला. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी आणि या मुलाने ४० डबे भरायचे थांबवलेले. मी चिडले, हे कबूल करते. मीटर लावून पाहिला तर आकडा पाचच्या वर होता, म्हणजे त्याने थांबवले ते योग्यच केले होते. पण तो निर्णय त्याने सकाळी घेतला होता आणि मला कळला तो दुपारी, गाडी आल्यावर. सकाळी सांगितले असते तर मी गाडी दुसऱ्या दिवशी बोलावली असती आणि भाडे वाचले असते. म्हणून वहीत दोन वेगळ्या नोंदी केल्या: माल थांबवला, बरोबर, कळवले नाही, चूक. या दोन्ही गोष्टी एकाच शेऱ्यात कोंबल्या असत्या तर एकतर त्याचे धाडस बुडाले असते किंवा त्याची चूक. नंतर डिसेंबरात अशीच वेळ आली तेव्हा सकाळी सव्वाआठला त्याचा फोन आला. दुसऱ्या नोंदीपुढे मी त्या फोनची तारीख लिहिली.

कायद्याच्या बाजूने थोडेसे. परिवीक्षा काळात माणूस कधीही काढता येतो आणि कारण द्यावे लागत नाही, असा आपल्याकडच्या मालकवर्गात पक्का समज आहे. सर्वोच्च न्यायालयाचे या विषयावरचे गाजलेले निकाल बहुतेक सरकारी नोकरीसंबंधीचे आहेत आणि ते आमच्यासारख्या खासगी कारखान्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण विचार करायला त्यांचा उपयोग होतो. रेल्वेतल्या एका तात्पुरत्या नेमणुकीवरील महिला डॉक्टरच्या प्रकरणात १९८९ साली न्यायालयाने म्हटले की काम असमाधानकारक असेल तर त्यातले दोष कर्मचाऱ्याला वेळेवर कळवले पाहिजेत, म्हणजे त्याला सुधारता येईल. माझ्या जुन्या गोदामवाल्याने नेमके हेच विचारले होते. शमशेर सिंग यांच्या १९७४च्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की आदेशाची भाषा निरुपद्रवी असली तरी त्यामागे शिक्षा दडलेली आहे का हे पाहता येते. आणि पंजाब राज्य विरुद्ध धरम सिंग या १९६८च्या निकालात असे ठरले की नियमांनी परिवीक्षेची कमाल मुदत घालून दिली असेल आणि ती उलटल्यावरही माणसाला कामावर ठेवले असेल, तर तो कायम झाला असे मानावे लागते. म्हणून नेमणूकपत्रात मुदत किती आणि वाढ किती हे स्पष्ट असावे, आणि मुदत संपण्यापूर्वी काही ना काही लेखी जावे. पत्र न देता माणसाला वर्षभर अधांतरी ठेवणारे कारखाने आमच्या आसपास आहेत. त्यांत मालकाला सोय दिसते, पण पुढे वाद उद्भवला की तीच सोय त्याच्या अंगाशी येते. भविष्यनिर्वाह निधीसाठी पात्र असलेल्या कर्मचाऱ्याचा निधी पहिल्या दिवसापासून भरायचा असतो, कायम झाल्यावर नव्हे, हेही अनेकांना सांगावे लागते.

आता वादाचा मुद्दा. आमच्या नेमणूकपत्रात सहा महिन्यांची परिवीक्षा आणि गरज पडल्यास तीन महिन्यांची वाढ, अशी तरतूद आहे. माझे चुलत सासरे या धंद्यात चाळीस वर्षे आहेत आणि त्यांचे म्हणणे असे पडले की मुलगा चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण त्याने अजून हंगाम पाहिलेला नाही. मार्चमध्ये दारात बी घेऊन येणाऱ्या बागायतदारांची रांग लागते, ओली बी, कच्ची बी, मध्ये मिसळलेली मागच्या वर्षीची बी ओळखावी लागते, आणि काजूवाल्याची खरी परीक्षा तेथे होते. तेव्हा वाढ द्यावी आणि मार्च पाहून ठरवावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. जुलै ते डिसेंबर हे सहा महिने आणि जानेवारी ते जून हे सहा महिने आमच्या धंद्यात इतके वेगळे आहेत की एका सहामाहीत पाहिलेला माणूस दुसऱ्या सहामाहीत कसा निघेल हे सांगणे कठीण. जानेवारीत रुजू झालेल्याची परीक्षा उन्हात आणि गर्दीत होते, जुलैत रुजू झालेल्याची ओलाव्यात आणि कंटाळ्यात.

तरीही मी वाढीला विरोध केला. एक तर त्याची नेमणूक प्रतवारी आणि पॅकिंगसाठी होती. खरेदीत मदत हे पत्रातले शेवटचे कलम आहे. दुसरे म्हणजे वाढ द्यायची ती माणूस कोठे कमी पडला असेल तर, आणि काय सुधारायचे हे त्याला लिहून देता येत असेल तर. ‘मार्च आला नाही’ ही त्याची उणीव नव्हती. ती पंचांगाची होती. ज्या कामाची संधीच दिली नाही त्या कामासाठी त्याला टांगून ठेवले तर तो वाढीच्या पत्राचा अर्थ काय लावेल? गावात तर एकच अर्थ लावला जाईल की काहीतरी कमी-जास्त झाले. सासऱ्यांनी यावर विचारले, “आणि खरेदीत निकामी ठरला तर?” मी म्हटले, “तर खरेदीला बसवायचा नाही. प्रतवारी कोण बघणार आहे मग?” यावर ते हसले, पण लगेच मान्य झाले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी एक अट घातली की अंतिम आढाव्यात ‘काय पाहता आले नाही’ असा स्वतंत्र परिच्छेद असावा आणि त्यात खरेदीचे काम नावानिशी लिहिलेले असावे. ही अट मला इतकी पसंत पडली की यापुढे प्रत्येक आढाव्यात तो परिच्छेद असणार आहे.

अंतिम बैठकीपूर्वी मी त्याला स्वतःविषयी लिहून आणायला सांगितले होते. त्याने साडेतीन ओळी आणल्या, त्यांतल्या दोन ‘संधी दिल्याबद्दल आभार’ या अर्थाच्या. मग मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि सगळ्या नोंदी त्याला वाचू दिल्या, ‘सांगितले नाही’ लिहिलेल्या सातांसह. त्याने त्या सातांपैकी दोन मान्य केल्या, एकीवर म्हणाला की त्या दिवशी तो रजेवर होता, आणि तपासले तर खरेच रजेवर होता. न सांगितलेल्या नोंदी का वगळायच्या याचे याहून चांगले कारण मला शोधावे लागले नाही. मग मी विचारले की आमच्याबद्दल तुझे काय म्हणणे आहे. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला की फोडणीच्या बायकांना हाताला लावायला तेल मिळते ते सकाळी एकदाच मिळते, दुपारनंतर टरफलाचा चीक कातडीला लागतो आणि तेच हात कधी कधी त्याच्या टेबलावर मदतीला येतात. गरावर डाग पडतात ते तिथून. सहा महिने आम्ही त्या डागांसाठी बोरम्याला दोष देत होतो.

पत्र मी ‘आपण’ म्हणून लिहिले. बोलताना मी त्याला अरे-तुरे करते, पण कागदावर ते चालत नाही. ‘आपली सेवा १ जानेवारीपासून कायम करण्यात येत आहे’ या वाक्यानंतर तीन मुद्दे आहेत: निर्णय घेताच कळवणे हे यापुढेही पाहिले जाईल, मावशींच्या कामाची चूक दाखवताना ठेवलेली रीत तशीच चालू ठेवावी, आणि खरेदीचे काम अद्याप पाहिलेले नाही. त्याने पत्र घेतले, घडी केली, खिशात ठेवले आणि विचारले की दुपारचे तेल आजपासून द्यायचे की सोमवारपासून. मी आजपासून म्हटले.

पत्राची प्रत त्याच्या फाईलला लावली आहे. माझ्या वहीच्या पुढच्या पानावर मात्र मलाच करायच्या कामांची यादी आहे. फेब्रुवारीत त्याला बी कापून तपासायला शिकवायचे, नमुन्यातली चांगली, पोचट आणि डागी बी वेगळी मोजून ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघेल याचा हिशेब करून घ्यायचा, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून सासऱ्यांच्या शेजारी काट्यावर बसवायचे. सासऱ्यांनी आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आत्ताच आणून ठेवली आहे.